थोडीबहुत

"एकीच्या पोटात खडे आणि पथ्य अख्ख्या ट्रॉलीला," गेजो कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, म्हणजे पुढे ट्रॅक्टर हाकणाऱ्यालासुद्धा ऐकू गेलं. "रोट्यांना तुपाचा हात लावायचा नाही म्हणे. नुसत्या वासानंही भैणजींना कळ येते. बसा आता लुधियान्यापर्यंत ही कातडी चावत."

नसीब कौर ट्रॉलीच्या कोपऱ्यात दोन दुलया आणि एका गाठोड्याला टेकून पडली होती. तिनं डोळे मिटले होते. कान मिटायची सोय देवानं ठेवलेली नाही. गेजो तिची धाकटी जाऊ. खरं नाव अंग्रेज कौर, पण त्या नावाला शोभेलसं एकही अक्षर तिला येत नसल्यामुळे सगळे गेजोच म्हणत. तिची कुरकूर नसीबला नवी नव्हती. उलट गेजो गप्प बसली असती तर आपली तब्येत हाताबाहेर गेली असं नसीब समजून चालली असती.

गेजोच्या मुलाकडे, निरवैरकडे, गाडी होती. पण गाडीत पाच माणसं मावतात, आणि पाच माणसांच्या जिवावर कुणाचं ऑपरेशन होतं? त्यांच्या कोट ढाब गावात कुणी इस्पितळात निघालं की ट्रॉली जोडली जाते. तळाला पेंढा, त्यावर सतरंज्या, त्यावर बायका, रोट्यांची फडकी, लस्सीच्या किटल्या, आणि उरलेल्या जागेत आजारी माणूस. या खेपेला रक्त द्यायला निघालेली गावातली तरणी पोरंही होती. ती मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती. त्यांच्या शेजारी, सगळ्यांकडे पाठ करून, मुकंद सिंग.

मुकंद म्हणजे गेजोचा नवरा, नसीबचा धाकटा दीर आणि गावाचा डाक्टर. नऊ वर्षांत नसीब त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. अंगण एक, नळ एक. पण निरोप गेजोमार्फत जात. "तुझ्या माणसाला सांग, म्हैस सुटलीय," असं नसीब म्हणे, म्हैस त्याच्या नाकासमोरून चाललेली असली तरी.

मुकंदची पदवी कुणी पाहिली नव्हती आणि विचारलीही नव्हती. तरुणपणी तो शहरात एका डॉक्टरकडे पुड्या बांधायला होता. परतला तो सुयांचा स्टीलचा डबा घेऊनच. कोट ढाबला तेवढं पुरलं. गोळी काय, वाणीही देतो. सुई टोचतो तो डाक्टर, अशी तिथली समजूत. तापाला सुई, कंबरदुखीला सुई, बाळंतिणीला सुई, आणि गव्हाच्या कापणीआधी सगळ्या गावाला ताकदीची लाल सुई. अंगणात रांग लागे. डब्यातलं पाणी सकाळी एकदा उकळे, मग कोमट होई, मग नुसतंच ओलं राही. लोकांना शेतावर जायची घाई, मुकंदला रांग संपवायची. एका दंडातून निघालेली सुई पाण्यात बुचकळून दुसऱ्या दंडात जाई. नसीब स्वतः बाही वर करून पुढे व्हायची, आणि लाल औषध जरा कमी भरलं तर गेजोला ऐकवायची, की वा, घरच्यांनाच मापात.

हेही खरं, की कुणाच्या पोराला आकडी आली तर मुकंद ताटावरून उठून सायकलवर टांग मारी, आणि कुणी रिकाम्या हातानं हात जोडले तरी तोंड वाकडं करत नसे. गावाचा त्याच्यावर जीव होता. म्हणून तर पुढे जे झालं त्याचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे गावात काळी कावीळ निघाली. डॉक्टर तिला हेपॅटायटिस सी म्हणतात. ती रक्तातून रक्तात जाते आणि वर्षानुवर्षं मुकाट्यानं यकृत खात बसते. नसीबचा नवरा जगीर सिंग तिच्या तावडीत सापडला. जगीरनं अमृत घेतलं होतं, म्हणजे शिखांची दीक्षा, जिच्यात नशा वर्ज्य. दारूची गोष्टच सोडा, लग्नाच्या मांडवात बाटली दिसली तर हा माणूस आपली थाळी उचलून बैलांच्या गोठ्याशी जाऊन जेवायचा. त्याला घेऊन मुकंदच शहरात गेला. तिथल्या डॉक्टरनं, ते सगळ्यांनाच विचारतात तसं, विचारलं, दारू घेता का. जगीरनं तोंड उघडायच्या आत मुकंद म्हणाला, "थोडीबहुत, जी."

दारूचं उत्तर मिळालं की डॉक्टर पुढचं विचारत नाहीत, एवढं मुकंदला ठाऊक होतं. पुढचा प्रश्न सुयांचा असतो.

त्या एका शब्दानं दोन कामं केली. दारुड्याचं यकृत म्हणून जगीरवर दारुड्याचे उपचार झाले, आणि रक्ताची जी तपासणी आधी व्हायला हवी होती ती पाणी पोटातून छातीत चढल्यावर झाली. आणि दुसरं म्हणजे, तो शब्द ट्रॉलीत बसून गावात आला. अमृत घेतलेला जगीर सिंग चोरून पितो. गुरुद्वाऱ्यात पाच जणांपुढे त्याला उभं केलं. तिथं तो नाही म्हणू शकला असता. पण नाही म्हणायचं तर समोर उभ्या असलेल्या भावाला खोटं पाडायचं. जगीरनं हात जोडून सांगितलं, चूक झाली. त्याला तनखाह लागली. शब्द पगाराचा, अर्थ प्रायश्चित्ताचा. महिनाभर जोडेघरात बसून संगतीचे, म्हणजे दर्शनाला येणाऱ्या सगळ्यांचे, जोडे पुसायचे.

फुगलेल्या पोटामुळे त्याला मांडी घालता येत नसे. पाय लांब करून बसायचा आणि एकेक जोडा कुशीत घेऊन पुसायचा. एका सकाळी मुकंदचे जोडे त्याच्या हातात आले. नसीब दारातच होती. जगीरनं ते ओळखले, इतरांपेक्षा अंमळ जास्त वेळ पुसले आणि जोडीनं लावून ठेवले. माथा टेकून मुकंद बाहेर आला आणि ते पायांत घालून गेला.

घरी नसीबनं जगीरला विचारलं, का रे बाबा. तो म्हणाला, "मुकंद खोटा ठरला तर उद्या कुणाचं पोर तापानं फणफणलं की गाव जाईल कुणाकडे?" त्यावर तिला नवऱ्याचाही इतका राग आला की त्या दिवशी तिनं त्याची खिचडी अळणीच ठेवली. पुढे तो गेला. मग खिचडीबद्दलचं दुःख तेवढं तिच्या वाट्याला राहिलं आणि सगळा राग मुकंदच्या नावावर गेला.

काही वर्षांनी तीच कावीळ तिच्याही रक्तात सापडली. तोवर गोळ्या आल्या होत्या, सरकार फुकट देत होतं. जंतू गेला, पण यकृत तोवर आकसून, कडक होऊन बसलं होतं. ते कमी होतं म्हणून की काय, गेल्या वर्षी उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या. पित्ताच्या पिशवीत खडे. मुकंदनं गेजोतर्फे सुचवलं, की जवळच्या मंडीच्या गावात ओळखीचा सर्जन आहे, खडे काढणं हे त्याचं अर्ध्या तासाचं काम, आणि यकृताचं जुनं रडगाणं तिथं गायची काही गरज नाही. नसीबनं त्याच गेजोतर्फे कळवलं, की एकाला न सांगता मारलंस, दुसरीला न सांगता मारायचं सुचतंय. सवय चांगली नाही.

आणि ती लुधियान्याला यकृताच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर जपनीत म्हणजे नसीबच्या मुलीच्या वयाची बाई, पण बोलताना खुर्ची जवळ ओढून बसायची. तिनं विचारलं, बीबीजी, तुमच्याकडे कालव्यात गाळ साठला की काय होतं? नसीब म्हणाली, पाणी फुगतं, बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात जातं आणि तिथून कोर्टात. डॉक्टर हसली आणि म्हणाली, बस, तसंच. यकृतात गाळ धरलाय, रक्त पुढे सरकत नाही, मागे फुगतं. पित्ताची पिशवी त्या यकृतालाच चिकटलेली, आणि तिच्याभोवतीच्या शिरांचे सुतळीपासून दोरखंड झालेत. धडधाकट बाईची पिशवी दुर्बिणीतून काढून घरी पाठवता येते. इथं मात्र हात लागेल तिथून रक्त येऊ शकतं, आणि रक्त गोठवायचं सामानही हे यकृत पुरेसं बनवत नाही. नंतर पोटात पुन्हा पाणी भरू शकतं, बुद्धीवर झापड येऊ शकते. अशा शंभर जणी आल्या तर तिच्या अंदाजानं चार-पाच परत जात नाहीत, आणि वीस-पंचवीस जातात पण रखडत, कण्हत.

मग राहू दे की, नसीब म्हणाली. डॉक्टर म्हणाली, खडे नुसते पडून असते तर मीच म्हटलं असतं, राहू दे. पण ते त्रास द्यायला लागलेत. एखादा नळीत अडकला, पिशवीत पू झाला, अंगात ताप भरला, तर मग घाईत काहीतरी करावं लागेल. कापायला नाहीच जमलं तर बाहेरून नळी घालून नुसता पू काढत बसावं लागेल. तेव्हा यकृताला तो मार झेपणार नाही, आणि चार-पाचाचा आकडा कितीतरी पटीनं वाढेल. आत्ता गोळ्यांनी पोटातलं पाणी उतरलंय. अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा आम्ही बांधून टाकल्यात. पाण्याची पाळी आपली आहे तोवर शेत भिजवून घ्यावं, असं मला वाटतं. पण शेत तुमचं आहे.

नसीबनं तिथंच बसून तोललं. मात्र तिच्या तराजूत जे होतं ते डॉक्टरला दिसत नव्हतं. मरणाचं तिला फारसं काही नव्हतं. पण ती टेबलावर गेली, की कोट ढाबपुरता जगीर सिंग कायमचा दारुडा. मुलगी कॅनडात, तिथून कोण भांडायला येतंय. आणि ऑपरेशन टाळून पुढच्या कळेची वाट बघत बसलं तरी शेवट तोच. म्हणजे ऑपरेशन करायचं. पण त्याआधी मुकंदच्या तोंडून ते काढायचं. त्याच्याच तोंडून आणि गावासमोर. त्याशिवाय टेबलावर चढायचं नाही.

ती स्वतः सांगू शकत नव्हती का? सांगून पाहिलं होतं. हिवाळ्यात संक्रांतीच्या दिवशी तिनं निरोप धाडला होता, की संगतीसमोर ये आणि बोल. मुकंद त्या दिवशी परगावी एका म्हाताऱ्याला बघायला गेला. तिनं एकटीनंच तोंड उघडलं, तर लोकांनी तिला पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि एकमेकांकडे बघितलं. यकृत बिघडलं की विष डोक्यात चढतं, माणूस भलतंच बरळतं, हे मुकंदनं गावाला आधीच समजावून ठेवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं, हीच त्यातली खुबी. झापड येते असं डॉक्टरही म्हणाली होती. त्या दिवसापासून नसीबच्या बोलण्याला कोट ढाबमध्ये आजारीपणाचा वास येऊ लागला.

लुधियान्याच्या त्याच भेटीत डॉक्टर पुढे म्हणाली, की रक्त हाताशी ठेवावं लागेल, रक्त गोठवणारे कणही लागतील. देणारे आणा. आम्ही आधी त्यांचं थोडं रक्त तपासतो, काळ्या काविळीसाठीसुद्धा, आणि मगच घेतो. नसीबनं तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

घरी येऊन ती निरवैरला म्हणाली, मला परक्याचं रक्त नको. आपल्या गावातली पोरं आण, आपल्या गल्लीतली. मोठ्या बीबीला गावाची एवढी माया, हे त्यानं घरोघर जाऊन सांगितलं, आणि पोरं तयार झाली. माणसं बोलत नाहीत तर मशीन बोलेल, एवढाच नसीबचा विचार होता. ज्यांना निघेल त्यांना गोळ्या मिळतील, वेळेवर मिळतील, तीन महिन्यांत बरी होतील. त्यांचं भलंच आहे, असं ती स्वतःला सांगायची. खोटं नव्हतं ते. पण भल्यासाठी आपण हे करत नाही आहोत, हेही तिला पक्कं माहीत होतं.

तर अशी ती ट्रॉली लुधियान्यात पोचली. ऑपरेशन दुसऱ्या सकाळी होतं. नसीबला खाट मिळाली, पोरांनी दंड पुढे करून तपासणीपुरतं रक्त दिलं आणि बायकांनी हिरवळीवर सतरंज्या पसरून इस्पितळाचं गुरुद्वाऱ्याचं आवार करून टाकलं. डॉक्टर जपनीत येऊन पुन्हा सगळं सांगून गेली. संमतीची सही मागितली तेव्हा नसीब म्हणाली, करते, अजून एक गोष्ट यायची आहे. डॉक्टरला वाटलं, कॅनडाचा फोन असेल.

गेजो रोटी घेऊन आली. ती कुस्करून, मुगाच्या पातळ वरणात भिजवून, तिनं चमच्यानं भरवायला सुरुवात केली. नसीब म्हणाली, हात मोडलाय का माझा. गेजो म्हणाली, "मोडला असता तर बरं होतं, निदान निरोप तरी कमी धाडले असते. उघडा तोंड." आणि चमचा पुढे करता करता म्हणाली, की उद्या तुम्हाला काही झालं तर त्या एवढ्या मोठ्या अंगणात मी भांडू कुणाशी, याचा विचार केलाय का. नसीबनं घास गिळला. गेजोचं काय, हा प्रश्न तिनं तराजूत घातलाच नव्हता, आणि आता घालायची तिची इच्छा नव्हती.

मग पोरांना बोलावणी यायला लागली. रक्तपेढीच्या शेजारी एक लहानशी खोली होती, तिथली कौन्सेलर बाई दारात येऊन हळू आवाजात एकेक नाव घ्यायची. काही जण बाहेर येऊन सरळ रक्त द्यायच्या खोलीकडे वळत. काही जण वळत नसत. बिक्कर सुताराचा मुलगा बाहेर आला आणि कडुलिंबाखाली पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. थोड्या वेळानं आणखी एक त्याच्याशेजारी जाऊन तसाच उभा राहिला. मग आणखी एक. सतरंजीवरच्या बोलण्याला खळ पडला. काय झालं, असं एकीनंही विचारलं नाही. त्या पोरांपैकी प्रत्येकाला आईनं कडेवर घेऊन कुठल्या अंगणात नेलं होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. कारण नेणाऱ्या त्याच होत्या. एकीनं लस्सीच्या किटलीचं झाकण उघडलं आणि काही न ओतताच पुन्हा लावलं. मुकंद पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर बसून पगडी सोडून पुन्हा बांधत होता. मघाशीच बांधलेली होती.

नसीब व्हरांड्यातल्या बाकावरून हे बघत होती. तिला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं. भूकसुद्धा लागल्यासारखी झाली. कडुलिंबाखाली आणखी कोण जातंय याची ती लग्नाच्या पंगतीत जिलबीची वाट बघावी तशी वाट बघू लागली.

तेवढ्यात कौन्सेलरनं निरवैरचं नाव घेतलं.

निरवैर तिच्या हिशेबातच नव्हता. तो रक्त द्यायला निघाला तेव्हा तिनं अडवलं नव्हतं, कारण आपल्या पोटच्या पोरासाठी तरी मुकंदनं नवी सुई काढली असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. त्यावरून तिनं मुकंदला कितीदा तरी मनातल्या मनात शिव्या हासडल्या होत्या. घरच्याला नवी, गावाला उष्टी. निरवैर हे नाव जगीरनं ठेवलेलं. स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त त्यानं या पुतण्याला खांद्यावर फिरवलं होतं.

निरवैर खोलीतून बाहेर आला तो कडुलिंबाकडे गेला नाही. सरळ तिच्यापाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात धरला. "मोठी बीबी, आत चल. ती बाई विचारतेय, नशेची सुई घेतोस का. चिट्टा घेतोस का म्हणून विचारते. तू सांग तिला. बापाचं कुणी ऐकत नाही, तो बापच असतो. तू सांग."

त्या बाईनं काही वावगं विचारलं नव्हतं. त्या मुलखात तरण्या पोराच्या रक्तात हे निघालं की आधी तेच विचारतात, आणि तसं विचारायला त्या मुलखानं कारणंही पुष्कळ दिली आहेत. पण निरवैरची सोयरीक ठरली होती. मुलीचं गाव कोट ढाबपासून हाकेवर. चिट्टा हा शब्द ट्रॉलीपेक्षा जोरात धावतो.

ती आत गेली. मागोमाग मुकंद, गेजो, आणि गेजोमागून सगळी सतरंजी. कौन्सेलर दार लावायला उठली, हे खाजगी असतं म्हणाली. निरवैर म्हणाला, राहू दे उघडं, मी काय चोरी केलीय. दारात इतकी डोकी झाली की खोलीत अंधारून आलं.

मुकंद म्हणाला, की मशीनची चूक असेल, जी, परत करा. बाई शांतपणे म्हणाली, दोनदा केली. घाबरायचं कारण नाही, यावर गोळ्या आहेत, हा बरा होईल. फक्त कुठून आलं ते कळलं तर घरातल्यांना तपासता येईल. लहानपणी रक्त चढवलं होतं का? नाही. ऑपरेशन? नाही. दात काढला? नाही. मग सुया? आणि तिनं निरवैरकडे, मग त्याच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं.

मुकंदचा हात पुन्हा पगडीकडे गेला. निरवैरनं मान वळवून नसीबकडे बघितलं, ज्या भरवशानं पोरं बघतात त्या भरवशानं.

तेव्हा नसीबच्या ध्यानात आलं, की यानं आपल्या पोरालाही तीच सुई टोचली. त्याच डब्यातली, त्याच पाण्यातली. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. लाल औषध भरताना, सायकलवरून धावताना, याला खरंच वाटत होतं की आपण गावाला बरं करतोय. नऊ वर्षं ज्या रागाच्या आधारानं ती उभी होती, तो राग पायाखालून सरकल्यासारखा झाला. उभं राहायला जागा हवी म्हणून ती मनानं मागे मागे गेली आणि जोडेघरापाशी थांबली. सुईचं त्याला माहीत नसेल. दारूचं माहीत होतं. पुसलेले जोडे पायांत घालताना माहीत होतं.

ती कौन्सेलरला म्हणाली, "घेत असेल थोडीबहुत, जी."

निरवैरचा हात तिच्या हातातून हळूच सुटला. झटकला नाही त्यानं, नुसता काढून घेतला, आणि ते तिला जास्त लागलं. दारातून तो शब्द मागे मागे सरकत गेला, एका पदराआडून दुसऱ्या पदराआड, आणि हिरवळीवर पोचला तेव्हा त्याचा पुरता चिट्टा झालेला होता. गेजो म्हणाली, "भैणजी, किडे पडतील त्या जिभेला. माझ्या लेकराला तुम्ही..." नसीबनं तिच्याकडे पाहिलं नाही, निरवैरकडे तर नाहीच. ती मुकंदकडे बघत होती.

मुकंदला तो शब्द ओळखू आला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते आधी गालांत दिसलं, मग ओठांत. कौन्सेलरनं पेन उचललं.

"लिहू नका," मुकंद म्हणाला.

बाई थांबली. मुकंद आणखी काहीतरी बोलला, पण ते त्याच्या दाढीतच राहिलं.

नसीबच्या बरगडीखाली कळ उठत होती. तिनं टेबलाची कड धरली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती सरळ त्याच्याशी बोलली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही, डाक्टरा."

मुकंद दाराकडे वळला. तिथं बिक्कर सुताराची बायको होती, तिच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या आया होत्या, आणि त्यांच्यामागे कडुलिंबाखालून उठून आलेली पोरं. त्यानं हात जोडले, जसे जगीरनं जोडले होते.

"माझा मुलगा नशा करत नाही," तो म्हणाला. "या पोरांतलं कुणीच करत नाही. सुई माझी होती. एकच सुई, सगळ्यांना, आणि पाणी मी पुन्हा उकळत नव्हतो." तो थांबला, आणि कुणीतरी आपल्याला अडवेल अशी वाट बघितल्यासारखं त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी अडवलं नाही. "आणि भाईजी कधी प्यायलेच नव्हते. एक थेंबसुद्धा नाही. मला माहीत होतं."